गुहेपलीकडचं दार

माझा मित्र गेला तेव्हा आमचं एक परीक्षण अर्धं राहिलं होतं. ऐंशीच्या दशकातल्या एका घरगुती कॉम्प्युटरसाठी काही हौशी माणसं आजही नवे गेम लिहितात, आणि तशाच हौशी लोकांचं एक इंग्रजी मासिक इंटरनेटवर निघतं. त्यात आम्ही दोघं परीक्षणं लिहायचो. म्हणजे खेळायचा तो, लिहायचो मी. कॉलेजात असताना दोघांनी मिळून जुन्या बाजारातून घेतलेला तो कॉम्प्युटर शिनोलीला त्याच्या घरी टीव्हीला जोडलेला असे. रविवारी मी कळंबहून जायचो. कॅसेटवरून गेम चढताना कर्कश आवाज निघे, आणि त्याची बायको आतून ओरडे, "मांजर पिळताय का काय दोघं?"

हा शेवटचा गेम एका माणसाचा होता. गुहांमधून वाट काढत त्याला आपल्या घरी पोचायचं होतं. मधे एक तुटका पूल होता.

"ह्यानं पूल ठिवलाय, राव, पन वलांडायला पाय दिलं न्हाईत. लिव्ह असंच," तो म्हणाला.

"इंग्रजीत कसं लिहू हे?"

"मग मास्तर कशाला झालास?"

मग एकदा आठवड्याच्या मधेच त्याचा फोन आला. "पोचलो राव शेवटाला!"

"काय आहे?"

"न्हाई सांगनार. रविवारी ये. तुजं त्वांड बघायचंय मला."

रविवारच्या आधीच तो गेला. शेतातून आला, पाणी मागितलं, आणि बसल्या जागी गेला.

तेरावं झाल्यावर त्याच्या बायकोनं कॉम्प्युटर माझ्या गाडीत ठेवायला लावला. तेव्हापासून शाळा सुटली की मी खेळत बसू लागलो. या यंत्रावर अर्ध्यातून पुन्हा सुरू करता येत नाही. मेलं की पहिल्या गुहेपासून. माझे हात खडूचे. पुलावर मी पडतो, उठतो, हायवेपर्यंत चालत जाऊन येतो, पुन्हा बसतो, पुन्हा पडतो. पुस्तक उघडलं तर एक पान सरत नाही. त्यानं पाहिलेलं आणि मला न सांगितलेलं असं काहीतरी त्या पुलापलीकडे आहे, एवढंच डोक्यात फिरत राहतं.

शेवटी गेम लिहिणाऱ्याला ईमेल केलं. त्यानं लगेच दुसरी प्रत पाठवली, तिच्यात माणूस मरतच नाही. ती फाइल तशीच पडून राहिली. उघडावीशी वाटे, आणि हात मागे येई. एका रविवारी ती कॅसेटवर उतरवली, कॉम्प्युटर पुन्हा गाडीत घातला आणि शिनोलीला गेलो. एकट्याच्यानं बघवणार नव्हतं.

टीव्हीला वायर जोडताना त्याची बायको दारात उभी राहिली. "भाऊजी, ह्यो तोच का? त्या दिशी पोट धरून हसत व्हते. इचारलं तर म्हने, त्याला यिऊ दे आदी."

ती पहिल्यांदाच आमच्या खेळाला बसली. मी पुलावरून पडत होतो, पडून पुढं जात होतो. "तुमी त लईच पडताय," ती म्हणाली. मग गुहा संपल्या. एक दार आलं. त्या माणसानं ते वाजवलं, आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. गेम आपोआप पहिल्या गुहेत परतला.

"काय लिवलंय?"

मला चटकन खोटं सुचलं नाही. "घरात कोणी नाही, असं लिहिलंय."

ती पडद्याकडे बघत राहिली. "एवढं रान तुडवून आला, आन घरात कुनीच न्हाई?"

"हो."

"ह्याच्यावं हसत व्हते व्हय," ती म्हणाली, आणि तिलाही हसू आलं. पदर तोंडाला लावून ती हसत होती, नंतर नुसता पदर लावून बसली. मी टीव्ही बंद केला नाही. तो माणूस पहिल्या गुहेत तसाच उभा होता.

कळंबला येऊन परीक्षण लिहायला घेतलं. शेवट विनोदी आहे, असं लिहिलं, खोडलं. शेवट क्रूर आहे, असं लिहिलं, तेही खोडलं. मी तो उसन्या जिवांवर पाहिला होता, माझं मत त्यात धरू नये. मग लिहिलं, हा शेवट ज्यानं स्वतःच्या हातांनी गाठला, तो पोट धरून हसला. तेवढंच मला खात्रीनं माहीत आहे. दहापैकी किती गुण द्यायचे, ती जागा अजून रिकामी आहे.