नाकाच्या फवाऱ्याचं सर्टिफिकेट

हसायचं असेल तर चहा येईपर्यंत हसून घ्या, कारण या किस्स्यात मी असा उघडा पडलोय की ऐकताना चहा तुमच्याच नाकातून बाहेर यायचा.

नागपुरात मानेवाड्याला माझं औषधाचं दुकान आहे. चोवीस वर्षं झाली. फार्मसिस्टचं रजिस्ट्रेशन भिंतीवर लटकतंय आणि त्यावरच्या फोटोत माझ्या डोक्यावर केस आहेत, इतकं ते जुनं. एक दिवस आमच्या औषधवाल्यांच्या मंडळाचं पत्र आलं. दुकानात इंजेक्शन टोचायचं असेल, नाकातून औषध द्यायचं असेल, तर दोन दिवस प्रशिक्षण घ्या, प्रात्यक्षिक परीक्षा द्या, सर्टिफिकेट मिळवा. वस्तीचं लसीचं केंद्र सर्टिफिकेटवाल्याच्याच दुकानात होणार.

माझं डोकं सणकलं. इंजेक्शनचं समजू शकतो, सुई आहे, रक्त आहे. पण नाकात फवारा मारायला सर्टिफिकेट? उद्या शिंकायला लायसन्स मागाल! हे मी बायकोला म्हणालो, पानवाल्याला म्हणालो, मंडळाच्या सेक्रेटरीला फोन लावून म्हणालो. येत नाही जा, काय करायचं ते करा.

"नका जाऊ," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "चौकातल्या नितीननं तर फीसही भरली म्हणते."

नितीन म्हणजे चौकात काचेचं दार आणि एसी लावून बसलेला माझा धंद्यातला वैरी. केंद्र त्याला मिळालं असतं तर माझी सगळी गिऱ्हाइकं त्या गारव्यात जाऊन बसली असती आणि परत आली नसती. गेलो मग. पण भांडायच्या तयारीनं गेलो.

शिकवायला सावनेरकडची वैशाली सिस्टर होती, माझ्या मुलीच्या वयाची. पहिल्या दिवशी सरावाला संत्र्यांना सुया टोचायच्या होत्या. खोटं कशाला बोलू, सगळ्यांत चांगलं मीच टोचलं. नितीनच्या संत्र्यातून रस गळत होता. त्यामुळे माझा रुबाब एवढा वाढला की दुसऱ्या दिवशी फवाऱ्याचा विषय निघाल्याबरोबर मी उठून उभाच राहिलो.

"मॅडम, हे आमाले शिकवून कायले वेळ घालवता? चोवीस वर्षं झाले, अर्ध्या वस्तीच्या नाकात मीच औषध घालून राहिलो."

"मंग काका, तुमीच दाखवा न," ती म्हणाली आणि मिठाच्या पाण्याचा फवारा माझ्या हातात दिला.

दाखवला. सगळ्यांकडे तोंड करून डोकं पार मागे टाकलं, वरच्या पंख्यावर नजर लावली, बाटलीचं टोक नाकात सरळ खुपसलं, दाबलं आणि सर्रकन ओढलं. वर माझी खास टीपही दिली, जी मी प्रत्येक गिऱ्हाइकाला फुकट देतो. घशात कडू उतरलं की समजायचं, औषध लागू पडलं.

सिस्टर हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. "काका," तिनं शांतपणे विचारलं, "औषध नाकाचं हाय का पोटाचं?"

मग तिनं दाखवलं. मान किंचित पुढे. टोक मधल्या पडद्याकडे नाही, बाहेर, कानाच्या बाजूला. श्वास हळूच, फुलाचा वास घेतो तसा. जोरात ओढलं की औषध नाकात थांबतच नाही, घशातून खाली जातं. म्हणजे कडू लागलं की औषध वाया गेलं.

तुम्हाला वाटेल, मी चूक कबूल केली. छे! अर्धा तास वाद घातला. म्हटलं, नागपूरच्या उन्हात नाकं कोरडी पडतात, इकडची पद्धत वेगळीच असायची. सिस्टरनं फवाऱ्याच्या खोक्यातला घडीचा कागद काढून मला मोठ्यानं वाचायला लावला. ती खोकी मी चोवीस वर्षं विकतोय आणि तो कागद एकदाही उघडला नव्हता. सगळं चित्रासकट छापलेलं होतं. नितीन मोबाईलवर माझं वाचन रेकॉर्ड करत होता. लाज वाटली, खरंच वाटली.

दुपारच्या परीक्षेत जुन्या सवयीनं डोकं मागेच गेलं आणि नापास झालो. संध्याकाळी पुन्हा परीक्षा दिली, मान पुढे घातली आणि पास झालो.

सर्टिफिकेट काउंटरच्या वर ठोकलं. दुसऱ्याच दिवशी ताराबाई आली. ती कळमन्याच्या बाजारात धान्य चाळते, धुळीनं तिला शिंकांवर शिंका येतात, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला फवारा ती वर्षानुवर्षं माझ्याकडूनच नेते. तिला स्टुलावर बसवलं, मान पुढे करायला लावली, एका नाकपुडीत अगदी नियमानं फवारा मारला. मागे चार गिऱ्हाइकं बघत उभी.

ताराबाई वाट पाहत बसली.

"भाऊ, कडू नाई लागलं."

"लागलंच नाही पाहिजे, ताराबाई."

"काहून गा? नकली तर नाई न हे?"

मी सर्टिफिकेट दाखवलं. कागद उघडून चित्र दाखवलं. माझं इतके दिवस चुकत होतं, हेसुद्धा चार माणसांत सांगितलं. माझ्यासारख्या माणसाला हे किती जड गेलं असेल, विचार करा.

"कागदावर काईबी लिहून रायते," ताराबाई म्हणाली. "मले तुमी शिकवलं. माह्या सुनेले मी शिकवलं, कळमन्यातल्या साऱ्या बायांले शिकवलं." तिनं माझ्या हातातून बाटली घेतली, डोकं मागे टाकलं, दुसऱ्या नाकपुडीत सर्रकन ओढलं आणि तोंड वाकडं करून समाधानानं मान हलवली. "हे पाय, आता लागलं. त्या सर्टिफिकेटवाल्याईले म्हणा, एक डाव भाऊपाशी येऊन शिकून जा."

मागची चारही गिऱ्हाइकं 'बरोबर हाय' म्हणाली.

लसीचं केंद्र मलाच मिळालं, संत्री गळवणाऱ्या नितीनला नाही. रांग लागते. नाकाच्या औषधाला आलेला प्रत्येक जण स्टुलावर बसतो आणि मी तोंड उघडायच्या आत डोकं मागे टाकून पंख्याकडे बघायला लागतो.