तांब्याच्या कळशीतले मासे

कळशीतला पिवळा मासा आडवा झाला, तेव्हा आमचा टेम्पो कामशेतच्या पुढे होता. मी ओरडले, "बाई, ह्यो मेला का वं?"

मी लोणावळ्याला ज्या डॉक्टरीणबाईंकडे कामाला होते, त्या तळेगावला राहायला निघाल्या होत्या. त्यांच्या काचेच्या पेटीत समुद्राच्या खाऱ्या पाण्यातले पाच मासे होते. ते नीट पोचवायचं मी छातीठोक कबूल केलं होतं. तीन चिनीमातीच्या बरणीत घातले. दाटी नको म्हणून दोन माझ्या तांब्याच्या कळशीत घेतले. चिंचेने घासून लखलखीत केलेली कळशी, यापेक्षा चांगलं भांडं कुठलं?

बाईंनी आत पाहिलं आणि किंचाळल्या, "तांबं? अगं, खाऱ्या पाण्यात तांबं उतरतं, त्याचं विष होतं! बरणीत टाक! पाणी नको, नुसते मासे!"

मी हात घातला. मासा निसटला, पुन्हा धरला. टेम्पो खड्ड्यात उडाला. बरणी मांड्यांत आवळून मी भिजले आणि हसूही येत होतं.

ड्रायव्हर म्हणाला, "ताई, लोनच्याच्या बरनीत मासं? मीठ हायेच, त्याल तेवढं घाला!"

"तू म्होरं बघ!"

आज नातसून कळशी घासत होती. चिंचेच्या वासानं हे आठवलं. तेव्हा वाटलं, बाई उगाच ओरडतात. चूक माझीच होती. पण एवढी मजा पुन्हा कुठल्या प्रवासात आली नाही.

पिवळा मासा तळेगावच्या अलीकडेच मेला. बाकीचे चार जगले.