एकादशीचा अनलिमिटेड प्लॅन

सकाळचा नाश्ता जेमतेम अर्ध्यावर आला होता आणि साबुदाणा संपला.

"मॅडम, सरला," देवरामभाऊ म्हणाले. करडी गावचे देवरामभाऊ आमचे हेड कुक. मोठी कढई त्यांनी मला तिरपी करून दाखवली. तळाला चार शेंगदाणे होते.

"किती लोक राहिलेत अजून?"

त्यांनी किचनच्या दाराच्या गोल काचेतून बाहेर पाहिलं. "राहिलं कोणीच नाही. जे खाऊन गेले तेच परत लाइनीत लागले."

मी तेव्हा भंडाऱ्याहून साकोलीकडे जाताना लागणाऱ्या एका वॉटर पार्क रिसॉर्टमध्ये एफ अँड बी मॅनेजर होते. एफ अँड बी म्हणजे फूड अँड बेव्हरेज. सोप्या भाषेत, पाहुण्याच्या तोंडात जे काही जाईल त्याची जबाबदारी माझी. तळ्याकाठी पाण्याच्या घसरगुंड्या, कृत्रिम लाटांचा एक स्विमिंग पूल, मुक्कामासाठी कॉटेजेस आणि फाटकाशी मान हलवणारा एक डायनासोर, असा तो पसारा होता. दिवाळीच्या सुट्ट्यांत गर्दी असायची. पण कार्तिकी एकादशीला एवढी गर्दी व्हावी, असं काही तिथे नव्हतं. ती मोहितसरांनी मुद्दाम करवली होती.

मोहितसर म्हणजे मालकांचे जावई. नागपूरला राहायचे, एमबीए झालेले. आमच्याकडे प्रीपेड मील प्लॅन त्यांनीच आणला. खोली बुक करतानाच जेवणाचेही पैसे भरायचे, मनगटाला केशरी बँड बांधायचा आणि मुक्काम संपेपर्यंत बफेवर हवं तेवढं खायचं. अशा प्लॅनमध्ये धंदेवाल्याचा फायदा कुठे असतो? तर 'ब्रेकेज'मध्ये. हा शब्द मी त्यांच्याकडूनच शिकले. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, प्लेटा फुटल्याबद्दल बोलताहेत. ब्रेकेज म्हणजे ग्राहकाने पैसे भरून ठेवलेलं, पण न खाल्लेलं जेवण. माणूस घसरगुंडीवर रमला, जेवायची वेळ टळली, की ते ब्रेकेज.

एक दिवस मोहितसर फोनवर म्हणाले, "मॅडम, एकादशीला आपल्याकडे सगळे फास्ट ठेवतात ना?"

"बरेच जण ठेवतात सर."

"मग त्या दिवशी प्लॅनवर मोठा डिस्काउंट देऊ. लोक प्लॅन घेतील आणि खाणार नाहीत. हंड्रेड पर्सेंट ब्रेकेज."

मला आईची एकादशी आठवली. आमच्या घरी हातमाग होता. एकादशीला आईचा माग बंद असायचा, पण चूल पहाटेपासून रात्रीपर्यंत विझायची नाही. मी म्हटलं, "सर, आपल्याकडे एक म्हण आहे. एकादशी आणि दुप्पट खाशी."

"म्हणी जुन्या असतात मॅडम. हा डेटा आहे," ते म्हणाले. कुठला डेटा ते त्यांनी सांगितलं नाही. शिवाय त्या दिवशी साधा स्वयंपाकच करू नका, उपासाचा एकच छोटा काउंटर ठेवा, असा हुकूम झाला. मी साबुदाणा त्यांनी सांगितल्याच्या तिप्पट आणवला होता. तोही नाश्त्यालाच संपला.

आता उपासाचं खाणं म्हणजे एक पदार्थ नव्हे, ते एक कोर्ट आहे, हे हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजात शिकवत नाहीत. भंडाऱ्याच्या पराते काकू सगळा गोतावळा घेऊन आल्या होत्या. त्यांचं साड्यांचं दुकान होतं आणि कापड पारखावं तसं त्या काउंटरवरचं प्रत्येक भांडं पारखत होत्या.

"यात सांभार घातला का जी?" सांभार म्हणजे कोथिंबीर.

"थोडा घातलाय काकू."

"आमच्यात उपासाले सांभार चालत नाही."

मागच्या बाईंना सांभार चालत होता, पण जिरं चालत नव्हतं. त्यांच्या मागच्या आजोबांना दोन्ही चालत होतं, पण मीठ सैंधवच हवं होतं. देवरामभाऊंनी एका भगरीच्या पाच भगरी केल्या आणि मी कागदाच्या चिठ्ठ्या लावल्या: 'सांभारवाली', 'बिनसांभाराची', 'जिऱ्याशिवाय'. लोकांनी आपापली ओळखून घेतली. मग शेजारच्याचीही थोडी चव पाहिली.

त्यात लाटांच्या स्विमिंग पूलवरचा लाइफगार्ड पराते काकांना घेऊन आला. काका ओलेचिंब, चेहरा गंभीर.

"मॅडम, यांचा प्रश्न आहे. मी म्हटलं, हे एफ अँड बीकडे येते."

काका हळूच म्हणाले, "लाटेचं पाणी तोंडात गेलं, मॅडम. त्याच्यात औषध असते म्हणतात. उपास मोडला का?"

"क्लोरीन असतं काका. ते धान्य नाही. चालतं."

"काकूले तुमीच सांगता का?"

मी सांगितलं. काकूंनी विचार करून मान्य केलं, पण काकांना परत पाण्यात जायला मनाई झाली. ते बफेच्या लाइनीत येऊन उभे राहिले. म्हणजे आणखी एक माणूस माझ्या गळ्यात.

साबुदाण्यासाठी मी भंडाऱ्याला गाडी पाठवली होती. ती येईपर्यंत काय वाढायचं? फाटकाबाहेर चंद्रकलाबाई बसायच्या. तळ्यातले शिंगाडे उकडून विकायच्या. हिरव्या-काळ्या शिंगांची ती पाण्यातली फळं आमच्याकडे त्या दिवसांत भरपूर निघतात आणि उपासाला कुठल्याच घरात त्यांना बंदी नाही. मी धावत गेले.

"बाई, सगळी टोपली द्या. आणि अजून असतील तेही."

"सगळी? काहून, कोणी मंत्री येऊन राहिला का?"

"एकादशी आहे."

"मंग बरोबर हाये," त्या म्हणाल्या आणि टोपली स्वतःच उचलून आत निघाल्या. शिंगाडा खायला वेळ लागतो, सोलावा लागतो. त्या दिवशी आम्हाला तोच वेळ मिळाला. अख्खी लाइन सोलत बसली.

मला वाटलं, निभलं. तेवढ्यात रामटेके आले.

रामटेके मूळचे एकोडीचे, पाटबंधारे खात्यात क्लार्क. बायको आणि शाळकरी मुलगी बरोबर. आवाज अजिबात न चढवता बोलणारे गृहस्थ. असे ग्राहक आमच्या धंद्यात सगळ्यात अवघड. त्यांनी सगळा काउंटर एकदा फिरून पाहिला आणि मनगटावरचा बँड मला दाखवला.

"मॅडम, जेवण कुठे आहे?"

"हेच आहे सर. आज एकादशी..."

"असेल. आम्ही बौद्ध आहोत. आमच्यात हे उपास नाहीत. मुलीला भूक लागली आहे, तिला भात पाहिजे. तुमच्या जाहिरातीत लिहिलं आहे, व्हेज, नॉनव्हेज, अनलिमिटेड. मी वाचूनच पैसे भरले."

त्यांचं बरोबर होतं. एकादशीच्या प्लॅनवर फक्त उपासवालेच येतील, असं आमच्यापैकी कोणाला कशावरून वाटलं होतं, कोण जाणे. स्वस्तातला प्लॅन दिसला, माणसाने घेतला. मी बाहेर पाहिलं तेव्हा अशी आणखी पाच-सहा कुटुंबं केशरी बँड लावून, शिंगाड्यांकडे संशयाने बघत बसली होती.

नेमक्या त्याच वेळी मोहितसर नागपूरहून पोचले. ब्रेकेज स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. डायनिंग हॉलच्या दारात ते थबकले. पाण्यात चिटपाखरू नाही, घसरगुंड्या रिकाम्या, आणि अख्खा पार्क बफेपुढे.

"ये सब फास्टवाले हैं?"

"जवळजवळ सगळे, सर."

"तो खा क्यूँ रहे हैं?"

"उपास आहे म्हणून, सर."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी चेष्टा करतेय असं त्यांना वाटलं असावं. मी रामटेक्यांचा विषय काढला. फ्रीजरमध्ये चिकन आहे, तांदूळ आहे, तासाभरात करून देते म्हटलं.

"बिलकुल नाही. आज नॉनव्हेज बनवलं तर बाकीचं पब्लिक भडकेल. त्यांना सांगा, आज हेच आहे. आणि फूड कॉस्ट बघताय ना? वर गेली तर जबाबदारी तुमची. मग मला दुसरा मॅनेजर बघावा लागेल."

रामटेके आमच्या मागेच उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "सर, पैसे घेताना तुम्ही आम्हाला तिथी विचारली नव्हती."

मोहितसरांनी मोबाइल कानाला लावला आणि फोन आलेला नसताना "हॅलो, हॅलो" करत ऑफिसात गेले. दार लावून घेतलं.

मी तिथे उभी राहिले. पोटात सकाळपासून एक केळं होतं, कारण माझाही उपास होता. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण ती मुलगी खुर्चीवर बसून शिंगाडा उलटसुलट करून पाहत होती, आणि तिच्या बापाने पैसे भरले होते. मी किचनमध्ये गेले.

"देवरामभाऊ, भात टाका. चिकन काढा. पण शिजवायचं मागे, पंप हाउसजवळ. वारा तळ्याकडे आहे, वास इकडे येणार नाही."

मोठ्या घसरगुंडीला पाणी चढवणारा पंप जिथे होता तिथे आम्ही शेगडी लावली. रस्सा उकळू लागला. आणि मग देवरामभाऊ डाव हातात धरून नुसते उभेच राहिले.

"काय झालं?"

"मीठ कोण चाखते मॅडम?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्यांचा उपास. दोन्ही हेल्परांचा उपास. माझा उपास. वेटरांना विचारून झालं, त्यांचाही उपास. एवढं मोठं किचन आणि रस्सा चाखायला एक जीभ नाही. बिनचाखता जेवण बाहेर पाठवायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम.

मी परत हॉलमध्ये गेले. "रामटेके सर, जरा किचनमध्ये येता का?"

"का? काही अडचण?"

"रस्सा चाखायचा आहे. आमच्यात आज कोणी खात नाही."

ते माझ्याकडे बघून पहिल्यांदाच हसले. "म्हणजे पैसे मी भरले आणि ड्युटीही मीच करू?"

पण आले. पंपाच्या घरघरीत त्यांनी वाटी हातात घेतली, फुंकर मारली, चाखलं, डोळे मिटले. "मीठ कमी आहे." देवरामभाऊंनी घातलं. परत चाखलं. "आता तिखट कमी वाटते." घातलं. तिसऱ्यांदा चाखल्यावर ते म्हणाले, "नक्की सांगता येत नाही, अजून एक वाटी द्या." चौथ्या वाटीत त्यांनी पीस मागितला. शिजलाय की नाही हे पाहायला.

तेवढ्यात वारा फिरला.

मी कोपऱ्यावर पाहिलं तर पराते काकू पदर खोचून येत होत्या, मागे काका. मी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला.

"कोंबडी शिजून राहिली का इथे? एकादशीच्या दिवशी?"

"काकू, हे पाहुणे उपास करत नाहीत. त्यांनीही पैसे भरलेत. तुमच्या भांड्यांना याचा स्पर्शसुद्धा झालेला नाही, शेगडीही वेगळी आहे."

रामटेके वाटी घेऊन तसेच उभे होते. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं. एक लांब श्वास घेतला. मग देवरामभाऊंना म्हणाल्या, "आलं कमी पडलं."

"जी?"

"वासावरून सांगून राहिली ना. आलं कमी, आन् खोबरं नीट भाजलं नाही तुमी. लेकराले असं जेवू घालता का? सरका तिकडे."

त्या पातेल्याला शिवल्या नाहीत. दोन हात लांब उभ्या राहून हुकूम सोडत राहिल्या. देवरामभाऊ घालत होते, रामटेके चाखून निकाल देत होते. "आता?" "आता जमलं, काकू." एकीचं नाक आणि दुसऱ्याची जीभ मिळून झालेला तो रस्सा आमच्या किचनमधून बाहेर गेलेला सगळ्यात चांगला रस्सा होता, असं ऐकलं. मला तो चाखता आला नाही. रामटेक्यांच्या मुलीने भात दोनदा मागून घेतला.

परतताना पराते काका जरा मागे रेंगाळले. "मॅडम, उद्या सकाळच्या नाश्त्यापर्यंत आमचा प्लॅन आहे ना?"

"हो काका."

"सकाळी उपास सुटते. याच्यातला थोडासा फ्रीजात राहिला तर... प्लॅनमध्ये बसते का?"

मी म्हटलं, बसते. राहिला मात्र नाही.

त्या दिवसाची फूड कॉस्ट, म्हणजे विक्रीच्या मानाने जेवणावर झालेला खर्च, मोहितसरांनी संध्याकाळी पाहिली. मला काढतील असं वाटत होतं, पण त्यांना चूक सापडली होती आणि ती मी नव्हते, तिथी होती.

"मॅडम, पुढच्या सीझनपासून नियम. उपासाच्या दिवशी प्लॅन बंद. तुम्ही कॅलेंडर घेऊन बसा आणि मला चालू दिवस काढून द्या."

मी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि देवरामभाऊंना मदतीला घेतलं. सोमवार महादेवाचा, गेला. मंगळवार गणपतीचा आणि देवीचा. गुरुवार दत्ताचा. शुक्रवारी बायकांचे उपास. शनिवार मारुतीचा. रविवार उरेल असं वाटलं, पण देवरामभाऊ म्हणाले, त्यांच्या घरीच आदितवार धरतात. एकादश्या आणि चतुर्थ्या तर निराळ्याच. शेवटी उरला बुधवार.

मी तसं कळवलं. मोहितसरांनी ताबडतोब मंजूर केलं आणि फाटकाशी बोर्ड लागला: अनलिमिटेड मील प्लॅन, फक्त बुधवारी.

बुधवारी पार्क मेंटेनन्ससाठी बंद असायचा. हे त्यांना कोणीच सांगितलं नाही. मीही नाही. बोर्ड अख्खा सीझन होता. त्या प्लॅनवर एकाही माणसाने एक घासही खाल्ला नाही, आणि मीटिंगमध्ये मोहितसर 'हंड्रेड पर्सेंट ब्रेकेज' म्हणून त्याचं उदाहरण देत.

आता मी निवृत्त आहे. सुट्ट्या आल्या की ओळखीचे लोक फोन करून विचारतात, रिसॉर्टला जातोय, जेवणाचा प्लॅन आधीच घ्यावा का? मी सांगते, आगाऊ पैसे खोलीचे भरा. खोली पाहून घेता येते आणि सगळ्यांना सारखीच लागते. पोटाचं तसं नसतं. आणि घेतलाच प्लॅन, तर पोहायचे कपडे घरीच ठेवा. ते घालायला वेळ मिळत नाही.