बरोबर होती ती फक्त स्टेपनी

"हे बेअरिंग पण गेलं ना, तर मी गाडीच विकते. आणि गुरुवारचं खेडं बंद," डॉक्टरबाई म्हणाल्या.

गाडी जॅकवर होती. समोरचं डावं चाक मी वरून-खालून धरून हलवलं. ते डुगडुगलं. चांगलं चाक असं हलत नाही. हातानं फिरवलं तर आतून घरघर आली. बेअरिंग म्हणजे चाक ज्याच्या आधारानं फिरतं ती पोलादी गोळ्यांची कडी. ती गेली होती. आणि बसवून फार दिवसही झाले नव्हते.

"विकायची घाई नका करू. मला एक दिवस द्या," मी म्हणालो.

"सगळ्याच मेकॅनिकांनी एकच दिवस मागितला होता, मेश्राम."

मी पाना उचलला आणि चाक उतरवलं.

डॉक्टरबाईंचा दवाखाना सौंसरला होता. शनिवारी शेजारच्या जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाची गर्दी, त्या दिवशी दवाखानाही भरून जायचा. म्हणून खेड्यासाठी त्यांनी गुरुवार ठेवला होता. बोरगावच्या आतल्या बाजूला एक गाव आहे. तिथे त्यांचे धाकटे दीर गुलाबराव यांचा संत्र्यांचा बगीचा आणि घर. त्या घराच्या ओसरीवर डॉक्टरबाई बाया तपासायच्या. गावातल्या गरोदर बाया सौंसरला येत नसत. बस लांबून पकडावी लागे, दिवसाची मजुरी बुडे आणि घरचे पाठवतही नसत. ओसरीवर मात्र सगळ्या यायच्या. म्हणजे गाडी बंद पडली की त्यांची तपासणी बंद. इतका साधा हिशेब होता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ती छोटी गाडी तेव्हा नुकतीच आपल्याकडे दिसू लागली होती. हलकी, बुटकी, बारा इंची चाकांची. जीप आणि ट्रॅक्टर बघायची सवय असलेले आमचे लोक तिला खेळणं म्हणायचे. मी नागपूरला ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केला होता. तिथल्या एका सर्व्हिस स्टेशनवर काम शिकलो आणि सौंसरला नागपूर रोडवर टिनाचं शेड टाकलं. माझ्या बापानं जन्मभर दुसऱ्याच्या बगीच्यात संत्री तोडली. त्यामुळे माझ्या डिप्लोम्याचा अभिमान घरच्यांना जितका, तितकाच मलाही होता. जरा जास्तच होता म्हणा.

माझा स्वभाव असा की एखादा पार्ट पुन्हा पुन्हा मोडत असेल तर मला त्या पार्टचा राग येत नाही. त्याला मोडणाऱ्याचा येतो. आता मोडणारा कोण, ते शोधायचं होतं. आधीच्या एका मेकॅनिकनं बेअरिंग डुप्लिकेट ठरवलं होतं. दुसऱ्यानं रस्त्याला दोष दिला. तिसरा म्हणाला होता, बाई माणूस गाडी चालवते, क्लच कसाही दाबत असेल. हे ऐकून माझं डोकंच फिरलं. क्लचचा आणि समोरच्या चाकाच्या बेअरिंगचा संबंध चष्म्याचा आणि गुडघ्याचा असतो तेवढाच.

मी डॉक्टरबाईंनाच विचारलं, "चालवताना तुम्हाला काय काय जाणवते?"

त्यांनी पेशंटची लक्षणं सांगावी तसं सांगितलं. "स्टिअरिंग जड झालं. खड्डा आला की हाताला हिसका बसते. फुल वळवलं की टायर कुठंतरी घासते. आणि पंक्चर झाल्यावर समोर स्टेपनी लावली की गाडी एका अंगाला ओढते. स्टेपनीच खराब आहे म्हणतात."

"कोण म्हणते?"

"सगळेच म्हणून राहिले."

सगळेच एक गोष्ट म्हणायला लागले की ती तपासावी, असं माझं मत आहे. मी स्टेपनी बाहेर काढली. काढलेलं चाक आणि स्टेपनी शेजारी शेजारी पालथी ठेवली. दोन्हींचा टायर एकाच मापाचा. रिम बारा इंची. नटांची भोकं चार. वरून पाहिलं तर सख्ख्या बहिणी. मग रिमच्या मागच्या काठावर मी एक लोखंडी पट्टी आडवी ठेवली आणि तिथून आतल्या तबकडीपर्यंतची खोली मोजली. तबकडी म्हणजे मधला पत्रा, जो गाडीच्या हबला टेकतो आणि ज्यातून नट कसतात. स्टेपनीची तबकडी खोल होती. काढलेल्या चाकाची चांगली तीन बोटं वर आलेली.

चिखल खरवडला तेव्हा रंगाखाली वेल्डिंगची जाड रेघ दिसली. कोणीतरी तबकडी कापून, सरकवून पुन्हा जोडली होती. उरलेली तीन चाकं काढली. त्यांचंही तेच. मडगार्डांना जुन्या ट्यूबच्या रबराच्या रुंद पट्ट्या का लावल्या होत्या, तेही आता कळलं. बाहेर आलेले टायर त्या झाकत होत्या. पाच चाकांमध्ये कंपनीची फक्त स्टेपनी उरली होती, आणि खराब ठरली होती तीच.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

"मी माहेरी गेली होती तेव्हा भाऊजींनी चाकं मजबूत करून आणली," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मजबूत म्हणजे हे?"

दुसऱ्या दिवशी गुलाबराव मोटारसायकलवर आले, मागे डॉक्टरबाई बसलेल्या. धिप्पाड माणूस, पांढरंशुभ्र धोतर, आवाज शेडच्या टिनावर आदळेल असा.

"तू तोच मेश्राम ना? वैनी म्हनते का तू माह्या चाकाईले नावं ठेवून राहिला."

"चाकं कंपनीची होती, भाऊ."

"हाव, होती. मी सुधारली. आमची पांदन पाह्यली काय तू?"

पांदण म्हणजे शेतांमधून गावाकडे जाणारी कच्ची वाट. तिच्यावर बैलगाड्यांच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पडलेल्या आणि मध्ये मातीचा उंच वरंबा.

"तुमची ही गाडी अरुंद," गुलाबराव म्हणाले. "एक चाक चाकोरीत गेलं का दुसरं वरंब्यावर चढे. वैनी तिरपी बसून चालवे. एखाद्या दिवशी उलटली असती म्हंजे? म्या बैलगाडीचं माप घेतलं, पांढुर्ण्याले ट्रॉल्या बनवनारा हाये त्याच्याकून चाकं बाहेर घेतली. आता दोनी चाकं चाकोरीत बराबर बसतेत. यात माह्यं काय चुकलं, सांग!"

खरं सांगतो, माझा अर्धा राग तिथेच उतरला. वहिनीच्या काळजीपोटी या माणसानं रस्त्याचं माप घेतलं होतं. गाडीचं तेवढं राहून गेलं होतं.

आता त्यांना ऑफसेट समजवायचा होता. रिमच्या मध्यापासून तबकडी किती आत किंवा किती बाहेर, त्या अंतराला ऑफसेट म्हणतात. कंपनी तो अशा हिशेबानं ठेवते की गाडीचं वजन बेअरिंगच्या जवळपास सरळ उतरावं. चाक बाहेर सरकवलं की वजन तेवढंच राहतं, पण बेअरिंगला ते लांबून पेलावं लागतं. मी हे सगळं सांगितलं. गुलाबराव ऐकून घेत होते आणि मान हलवत नव्हते.

मी नळाखालची बादली काठोकाठ भरून त्यांच्या हातात दिली.

"धरा. हात अंगाजवळ ठेवा."

"हे तं लेकरूबी धरीन."

"आता हात सरळ बाहेर करा. बादली तीच, पाणी तेवढंच."

गुलाबरावांनी हात आडवा केला. मिशीवर ताव देत उभे राहिले. डॉक्टरबाई खुर्चीवर चहा पीत होत्या, त्यांनी काही घाई केली नाही. थोड्या वेळात हात थरथरू लागला. मग पाणी धोतरावर सांडू लागलं.

"ठेवू काय आता?"

"बेअरिंगला ठेवता येत नाही, भाऊजी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते बिचारं सौंसरपासून गावापर्यंत तसंच धरून राहते."

गुलाबरावांनी बादली ठेवली आणि खांदा चोळला. मग ते हसले. एवढं मोकळं हसले की मलाही हसू आलं.

"पटलं बापा. लाव जुनी चाकं. पन मंग पांदनीचं काय? वैनी येईन कशी?"

आमच्या सिलॅबसमध्ये पांदण नव्हती.

"आधी गाडी नीट करू," मी म्हणालो.

कापलेल्या रिम पुन्हा वेल्डिंग करून वापरणं मला मान्य नव्हतं. वेल्डिंग चालत्या गाडीत सुटलं तर बेअरिंग परवडलं म्हणायची वेळ येते. नवीन चार रिम हव्या होत्या. नमुना म्हणून स्टेपनी घेऊन मी नागपूरच्या बसमध्ये चढलो.

कंडक्टर म्हणाला, "याचं तिकीट लागते."

"मांडीवर घेतो. लेकरू समज."

नागपूरला एका दुकानात काउंटरवरच्या माणसानं दुसऱ्याच गाडीच्या रिम पुढे केल्या. "चारच भोकं ना? घेऊन जा, बसते."

भोकं खरंच बसत होती. नटांच्या भोकांमधून एक वर्तुळ काढलं तर त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. तो जुळत होता. मी खिशातली पट्टी काढून खोली मोजली. ती जुळत नव्हती.

"एवढं कोण पाहते, साहेब?"

"मी पाहतो."

त्यानं मालकाला बोलावलं. मालकानं आधी माझ्याकडे, मग बगलेतल्या चाकाकडे पाहिलं आणि गोडाऊनमधून कंपनीच्या रिम काढायला लावल्या. चारही मी तिथेच मोजल्या. मालक वैतागला, पण मोजू दिल्या.

सौंसरला येऊन नवीन बेअरिंग टाकलं, रिम चढवल्या, नट आळीपाळीनं समोरासमोरचे कसले. एका बाजूचे आधी कसले तर चाक तिरकं बसतं. मग चाक हातानं फिरवलं. काही आवाज नाही. डॉक्टरबाई नागपूर रोडवर एक चक्कर मारून आल्या, उतरल्या त्या हसतच.

"स्टिअरिंग एका बोटानं फिरून राहिलं, मेश्राम!"

मी हसलो खरा, पण गुरुवार यायचा होता. गाडी माझ्या हिशेबानं शंभर टक्के बरोबर, आणि पांदणीच्या हिशेबानं पुन्हा अरुंद. खालून वरंबा घासला, गाडी अडकली, तर डॉक्टरबाई ती विकणार आणि ओसरीवरच्या बाया कपाळाला हात लावून घरी जाणार. मग माझ्या ऑफसेटला काय चाटायचं?

गुरुवारी मी शेड बंद केलं आणि त्यांच्या शेजारी बसून निघालो. बोरगाव मागे टाकलं. पांदणीच्या तोंडाशी डॉक्टरबाईंनी गाडी हळू केली आणि पुढे बघून एकदम ब्रेकच दाबला.

वरंबा नव्हता.

समोर गुलाबराव बैलजोडी घेऊन उभे होते. मागे वखर, वखरावर दोन मोठे दगड. वखर म्हणजे बैलांनी ओढायचं आडव्या पात्याचं अवजार, शेतात ढेकळं आणि गवत काढायला वापरतात. पावसाळा नुकताच सरला होता, माती अजून ओली होती. त्यांनी वरंबा खरवडून तीच माती दोन्ही चाकोऱ्यांत लोटली होती. नाल्यापर्यंत त्यांनी केलं, आणि नाल्यापासून गावापर्यंत इतर शेतकऱ्यांनी आपापले वखर आणले. आंबिया बहाराची, म्हणजे दिवाळीच्या सुमाराची संत्री निघायला लागली होती, बैलगाडीत हादरे बसून त्यांचाही माल दबत होता. इतकी वर्षं कोणाला सुचलं नव्हतं.

"चाकं बाहेर घेता येत नाई, तं म्हनलं पांदनच आत घेऊ," गुलाबराव खिडकीशी येऊन म्हणाले. "चाला वैनी. मेश्रामभाऊ, घट्ट पकडा, आता रस्ता सपाट झाला, गाडी सुसाट जाईन."

गाडी नाल्यातून उतरली, चढली आणि सरळ गावात गेली. कुठे घासली नाही, तिरपी झाली नाही. डॉक्टरबाईंनी गावात शिरताना उगाचच हॉर्न वाजवला. ओसरीवर बाया आधीच येऊन बसल्या होत्या. एक सात-आठ महिन्यांची पोटुशी पोर उभी राहून हात हलवत होती. मला इतका आनंद झाला की मी उतरून चारही चाकांना हात लावून पाहिला. एकही गरम नव्हतं, म्हणजे बेअरिंगवर ताण नव्हता.

पुढे ती गाडी डॉक्टरबाईंनी वर्षानुवर्षं चालवली. ठरलेली देखभाल सोडली तर चाकांकडे पाहावं लागलं नाही. दर पावसाळ्यानंतर गावकरी पांदणीवर वखर फिरवत राहिले. बैलगाड्या, सायकली, शाळेची पोरं, सगळी त्याच वाटेनं नीट जाऊ लागली.

हल्ली तरुण मुलं माझ्याकडे गाडीची चाकं बाहेर सरकवून मागतात. त्यांच्या वाटेत पांदणही नसते, नुसता रुबाब हवा असतो. मी त्यांना सांगतो, गाडी तुमची असली तरी चाकाचं माप ठरवणारा तुमच्याआधी विचार करून बसलाय. बदलायचंच असेल तर रस्ता बदला. त्याचा फायदा निदान मागून येणाऱ्यालाही होतो.