देव गावाला गेले

आईनं जेवण सोडलं त्याला बारा दिवस झाले होते आणि मी पुण्यातल्या एका म्युझियममध्ये तोफांसमोर उभा होतो. तोफांशी माझं काही काम नव्हतं. मी आमच्या घरचे देव शोधत होतो, चांदीचे, तळहातावर मावतील एवढे.

आमच्या भागात घरोघरी देव्हाऱ्यात टाक असतात. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा पातळ पत्रा चढवलेला आणि त्यावर देव ठोकून उठवलेला. बारामतीजवळच्या आमच्या सांगवीच्या घरात चार टाक होते. खंडोबा, भवानी, जोतिबा आणि घराण्यातला कुणी लढाईत पडलेला वीर. पिढ्यान् पिढ्या रोज अंघोळ घालून, पुसून त्यांची तोंडं पार गुळगुळीत झाली होती. भवानी कुठली आणि वीर कुठला हे बाहेरच्या माणसाला कळलं नसतं, पण आईला अंधारातसुद्धा कळायचं.

घरात लग्न निघालं की देव उजळून आणायची रीत आहे. माझ्या मुलीच्या लग्नाआधी आईनं चारही टाक नव्या फडक्यात बांधून माझ्याकडे दिले आणि मी ते बारामतीला सराफाकडे नेले. सराफ म्हणाला, "मास्तर, यात उजळायला राहिलंय काय? नवे करून घ्या." नवे करायचे तर जुनी चांदी आटवून नव्यात मिसळायची, म्हणजे देव तेच राहतात. त्याला चार दिवस लागणार होते आणि लग्न परवावर आलं होतं. मला मंडपवाला गाठायचा होता, आचारी गाठायचा होता. मी काचेच्या कपाटातले तयार टाक उचलले, जुने तिथंच ठेवले आणि घरी येऊन सांगितलं की जुन्यातूनच केलेत. आईनं एकेक देव उजेडात धरून पाहिला. "नाकं लई सरळ केल्यात," एवढंच म्हणाली आणि पूजेला लागली.

हे खोटं बरीच वर्षं सुखानं नांदलं. मग आईचं विसरणं सुरू झालं. आधी गॅस, मग नातवंडांची नावं, मग मी. मला ती 'मास्तर' म्हणू लागली. मी आहेच मास्तर, सगळं गाव म्हणतं, पण आईनं कधी म्हटलं नव्हतं. सगळं विसरली आणि नेमकं नको ते तिला आठवलं. एका सकाळी देव्हाऱ्यासमोर बसल्या बसल्या तिनं माझ्या बायकोला विचारलं, "हे पाव्हणं कोन हायत? आपलं देव कुठं गेलं?"

बायको म्हणाली, "आत्या, हेच की आपले."

"न्हाय. आपलं देव गावाला गेल्यात. ते आल्याबिगर कसं जेवायचं?"

देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय तिनं जन्मात घास घेतला नव्हता. आता नैवेद्य दाखवायला देवच नव्हते. ताट पुढं केलं की ती हात मागं घ्यायची, अगदी नम्रपणे, परक्याच्या घरी आल्यासारखी. चहा घ्यायची, कधी अर्धं केळं. पहिले दोन दिवस मी समजावलं. तिसऱ्या दिवशी ओरडलो. चौथ्या दिवशी जबरदस्तीनं घास भरवला. तो तिनं पदरात काढून ठेवला आणि माझ्याकडं असं पाहिलं की मी मळ्यात जाऊन उसाच्या कडेला बसलो आणि रडलो. पन्नाशी उलटलेला माणूस, उसात बसून. डॉक्टर म्हणाले, आणखी आठ दिवस वाट पाहू, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल.

मी सराफाकडे पळालो. म्हातारा सराफ वारला होता, गादीवर मुलगा होता. तो म्हणाला, "जुने टाक वडील आटवत नसत. पुण्याचे एक हौशी गृहस्थ यायचे, पिशवी भरून न्यायचे. ते गेले, त्यांचं सगळं कुठल्याशा म्युझियमला दिलं म्हणतात." कुठल्या, ते त्याला माहीत नव्हतं.

म्हणून मी तोफांसमोर उभा होतो. शाळेत रजा टाकायची, पहाटे निघायचं, सुप्याच्या पुढं चहा घ्यायचा आणि म्युझियमं पालथी घालायची. इतकी वर्षं मुलांना इतिहास शिकवला, सहलीला एकदाही इथं आणलं नाही. आता एकटा फिरत होतो आणि इतिहासाचा मला राग राग येत होता. तलवारी, चिलखतं, नाणी, ताम्रपट. एका ठिकाणी फक्त चित्रं होती. एका चित्रात नुसता पिवळा रंग होता आणि त्याच्यासमोर दोन तरुण मुली अर्धा तास गप्प उभ्या होत्या. मला त्यांचा हेवा वाटला, त्यांच्या घरी सगळे जेवत असणार. एका दालनात जाती, पाटे, पितळेची घंगाळी, कोरीव फण्या मांडल्या होत्या. त्यातलं निम्मंअधिक आमच्या माळ्यावर होतं आणि घर बांधताना मी स्वतः भंगारवाल्याला घातलं होतं. तिथं काचेला नाक लावून लोक त्याचं कौतुक करत होते. मला माझ्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

टाक सापडले ते चौथ्या ठिकाणी, वरच्या मजल्यावर, जिन्याशेजारच्या कोपऱ्यात. काळ्या मखमलीवर चाळीस-पन्नास देव ओळीनं मांडलेले. त्यांच्यावर ना हळद ना कुंकू. तिसऱ्या ओळीत खंडोबा होता. त्याच्याखाली चिठ्ठी होती, 'वरील बाजूस छिद्र. गळ्यात धारण करण्यासाठी वापर असावा.' ते भोक मी पाडलं होतं. तिसरीत असताना, खिळा आणि दगड घेऊन. शाळेत कुणाला तरी पदक मिळालं होतं म्हणून मी खंडोबाला दोऱ्यात ओवून गळ्यात घातला आणि गावभर मिरवला. आईनं मला चुलीतल्या लाकडानं बडवलं होतं. शेजारीच आमची भवानी होती, जोतिबा होता. वीर कुठं दिसला नाही.

मी थेट ऑफिसात गेलो. तिथल्या बाई शांतपणे ऐकून घेत होत्या. म्हणाल्या, अर्ज करा, समितीपुढं ठेवू, पण पुरावा लागेल. मी म्हणालो, मी त्याच्यापायी मार खाल्लाय. त्या हसल्या, वाईट हेतूनं नाही. मग मी आईचं सांगितलं तेव्हा त्यांचं हसू गेलं. देणं त्यांच्या हातात नव्हतं. पण आईला घेऊन या, म्हणाल्या, खुर्ची टाकून देते, हवं तेवढं बसू दे. फोटोला मनाई होती आणि फोटोचा उपयोगही नव्हता, मोबाईलमधलं सगळं आईला टीव्ही वाटायचं.

त्या रविवारी बायकोनं पहाटे वांगं भाजून भरीत केलं, बाजरीच्या दोन भाकरी थापल्या आणि डबा भरला. खंडोबाचा वार, खंडोबाचा नैवेद्य. आईला नवं लुगडं नेसवलं. गाडीत ती मागं बायकोच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती, पिसाएवढी हलकी झाली होती. मी आरशातून तिच्याकडं बघत गाडी हाणत होतो आणि मनात एकच चाललं होतं, देव दिसले की ती ओळखेल. मला न ओळखो, त्यांना ओळखेल. डबा उघडेल, ताटलीभोवती पाणी फिरवेल आणि मग एक घास खाईल. एकच घास. उरलेल्याचं पुढं बघू. रोज आणावं लागलं तर रोज आणीन, पुण्यात खोली घेऊन राहीन.

दाराशी आईनं चपला काढल्या. रखवालदार म्हणाला, "आजी, चपला चालतात हितं." तिनं ऐकलं नाही, अनवाणीच जिना चढली. तिचं ते अनवाणी चालणं बघून माझ्या जिवात जीव आला. वाटलं, तिला कळलंय कुठं आलोय ते.

बाईंनी काचेसमोर खुर्ची ठेवली होती. आई बसली. मी तिच्याशेजारी गुडघ्यावर बसलो आणि तिसऱ्या ओळीकडं बोट दाखवलं. "आई, हे बघ. खंडोबा. ही भवानी. आपले देव."

तिनं बराच वेळ पाहिलं. नजर एकेका टाकावरून सरकत गेली, खंडोबावर आली, भोकावर थांबली आणि पुढं गेली. बायकोनं डब्याचं झाकण काढलं, भरताचा वास आला. रखवालदार दोन पावलं पुढं आला. बाईंनी त्याला हातानंच थांबवलं.

आईनं पुन्हा पहिल्यापासून सगळ्या ओळी पाहिल्या. मग हात जोडले. माझे डोळे भरून आले. हात सोडून ती माझ्याकडं वळली. चेहऱ्यावर कळवळा होता, पण ओळख नव्हती.

"मास्तर, कुणाचं देव म्हनायचं हे?"

"आपले, आई. सांगवीच्या घरातले. मीच घालवले. सराफाकडं मीच सोडून आलो, तुला खोटं सांगितलं." इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून ते निघालं आणि ते तिला कळलं नाही.

"आपलं गावाला गेल्यात," ती मला समजावत म्हणाली. "हे दुसऱ्या कुनाचं हायत. हितं काचंत बसवल्यात बिचाऱ्यांना, अंघोळ न्हाय, पानी न्हाय." तिनं बायकोच्या हातातलं झाकण घेऊन डब्यावर नीट बसवलं. "तुमी शिकलेलं हाय मास्तर, इचारा की त्यास्नी, ज्याचं त्याला देऊन टाका म्हनावं. ज्या घरातनं गेलं आसतील, त्या घरची बाई जेवत नसंल."

"व्हय," मी म्हणालो. "न्हाय जेवत ती."