बाबूजींची अकरा हजार पावलं

आमगाव स्टेशनवर गाडीचा भोंगा ऐकू आला, तसं बाबूजींनी आपल्या मनगटावरचं घड्याळ सोडलं. मी तेवीस वर्षांचा, अंगात नवा शर्ट, पायाशी तांदळाचं चुंगडं. गोंदियाला गाडी बदलून पुण्याला जायचं होतं. माय पदराने डोळे पुसत होती आणि त्याच पदराने माझी ट्रंकही पुसत होती, जणू पुण्यात उतरल्याबरोबर पहिली तपासणी धुळीचीच होणार होती. बाबूजींनी ते घड्याळ माझ्या हाताला बांधलं. पट्टा ढिला पडला.

"रोज सकाळी किल्ली दे," ते म्हणाले. "नाई देल्ली आन् बंद पडलं, तं त्यात घड्याळाचा दोष नाई."

झालं निरोपाचं भाषण. मला लहानपणापासून नाटकाचं वेड. निदान गाडी हलताना तरी बाबूजी दोन पावलं सोबत धावतील अशी माझी अपेक्षा होती. ते जागचे हलले नाहीत. मायच धावली.

गावात राहिलेल्या मंडळींनो आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनो, हे मी दोघांसाठीही लिहितो आहे. यातली थोडी लबाडी तुमची आहे, थोडी आमची. मूर्खपणा मात्र सगळा माझा.

गावात मी रेडिओ दुरुस्त करायचो. म्हणजे उघडायचो. पुण्यात एका सर्व्हिस सेंटरमध्ये लागलो आणि पंचवीस वर्षांत मिक्सरपासून मोबाइलपर्यंत सगळं उघडून बसलो. परिणाम असा झाला की आमच्या सोसायटीत कुणीही काही विकत घ्यायचं म्हटलं की आधी मला कौल लावतात. मी तो तब्येतीत देतो. फ्रिजला वायफाय? कशाला? दोडका काय मेसेज करणार आहे, मी सुकलो म्हणून? फरशी पुसणारा रोबो? घ्या, पण त्याच्यामागे फिरायला एक माणूस ठेवा. व्हिडिओ गेमबद्दलही माझं मत ठाम आहे. गोंदियाच्या बाजारात एका दुकानाच्या मागच्या खोलीत मी ते पहिल्यांदा खेळलो. तीन जीव मिळायचे. एक गेला तरी दोन शिल्लक. मला वाटतं, माझ्या पिढीचं वाटोळं तिथेच झालं. शेवटचा जीव वापरात असतानाही आम्हाला वाटत राहिलं की अजून एक असेल.

तीन वर्षांपूर्वी बाबूजींच्या छातीत दुखलं. मी दोघांना पुण्याला आणलं, तपासण्या केल्या, गोळ्या सुरू झाल्या. "रोज चालायचं, दम लागला तर लगेच दाखवायचं," डॉक्टर म्हणाले. बाबूजी आमच्या नवव्या मजल्यावर दोन आठवडे राहिले. त्यातले पहिले दहा दिवस त्यांनी गॅलरीत उभं राहून खालची जमीन पाहण्यात घालवले. अकराव्या दिवशी माझी मुलगी ट्रॅक्टरचा गेम खेळत होती. मोठ्या पडद्यावर शेकडो एकरांचं शेत, चाकांना लागलेला चिखलसुद्धा खरा वाटावा असा. बाबूजी तिच्या शेजारी येऊन बसले. मला वाटलं, जिंकलो! म्हातारा रमला!

"पार कोठी हाय?" त्यांनी विचारलं. बांधीच्या, म्हणजे धानाच्या वाफ्याच्या, कडेची मातीची पाळ त्यांना कुठे दिसेना.

"पार नसते यात, आजोबा."

"मंग पाणी कसं थांबते?"

तिने खांदे उडवले. बाबूजी बराच वेळ पाहत राहिले. मग मायकडे वळून म्हणाले, "एवढ्या मोठ्या वावरात एक बाई नाई दिसून राहिली. रोवते कोण?"

"बाया जेवाले गेल्या असतीन," माय म्हणाली.

आम्ही सगळे पोट धरून हसलो. हा किस्सा मी नंतर किमान चाळीस ठिकाणी सांगितला, दोघांचे आवाज काढून. त्यातला प्रश्न मात्र मला एकदाही ऐकू आला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी परतीचं तिकीट काढायला लावलं. "इथं लिफ्ट बंद पडली तं माणूस ना खालचा ना वरचा," म्हणाले. मी हट्टाला पेटलो. शेवटी तह झाला. मी त्यांना मनगटावरचं नवं यंत्र घेऊन दिलं. पावलं मोजणारं, नाडी मोजणारं, आत सिम असलेलं, म्हणजे ते वावरात असले तरी आकडे थेट माझ्या फोनवर. सोबत माझी अटही होती. "आकडे बिघडले, तर मी येऊन तुम्हा दोघांना कायमचं पुण्याला नेईन. तेव्हा ऐकणार नाही."

"बरं," बाबूजी म्हणाले. त्यांनी जुनं घड्याळ मला दिलं होतं, मी नवं त्यांना देत होतो. मला तो प्रसंग फार नाट्यपूर्ण वाटला. जुनं तेव्हा माझ्या ड्रॉवरमध्ये मेलेल्या चार्जरांच्या ढिगाखाली होतं. त्याला किती वर्षं किल्ली दिली नव्हती, ते विचारू नका.

दोन वर्षं यंत्राने चोख काम केलं. सकाळी चहासोबत मी बाबूजी वाचायचो. चार हजार पावलं, झोप सहा तास, नाडी ठीक. फोनवर मी त्यांना विज्ञान ऐकवायचो. रोज दहा हजार पावलं चालावीत, असं सांगायचो. हा आकडा मुळात पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या जाहिरातीतून आला, हे मी फार उशिरा वाचलं. एकदा सांगितलं की म्हणे उंदरापासून हत्तीपर्यंत सगळ्यांना आयुष्यभराचे ठोके साधारण सारखेच मिळतात. उंदीर भराभर उधळतो, हत्ती सावकाश वापरतो.

"मंग तू काऊन एवढा पळून राहिलास पुण्यात?" बाबूजी म्हणाले.

हाही किस्सा मी चाळीस ठिकाणी सांगितला.

गेल्या वर्षी ज्येष्ठ संपता संपता आकडे घसरले. दोन हजार. नऊशे. एके दिवशी दोनशे दहा. मी फोन लावला आणि माझ्या खास ठेवणीतल्या आवाजात म्हणालो, "काय बाबूजी, दोनशेच पावलं? तिकीट काढू का मग दोघांचं?"

"ऊन हाय," ते म्हणाले, आणि फोन मायकडे दिला.

तिसऱ्या दिवशी सात हजार! मग नऊ हजार! पाऊस लागला आणि आषाढात अकरा हजार! माझी छाती फुगली. धाक बसला म्हणजे म्हातारे कसे सरळ होतात, यावर मी ऑफिसात एक छोटं व्याख्यानच दिलं. मग एक दिवस यंत्राने कळवलं की बाबूजी पोहत आहेत. चार तास! आमच्या गावात पोहण्यासारखं पाणी म्हणजे म्हशींची बोडी, छोटं तळं. मी खुर्चीतून पडेपर्यंत हसलो. चिखलात वाकून, हात पाण्यात घालून कुणी दिवसभर रोप लावत असेल, तर बिचाऱ्या यंत्राला ते पोहणंच वाटणार, एवढं तंत्र मला कळत होतं. वावरात जाऊन बाबूजी बायांच्या बरोबरीने रोवायला लागले, असा अर्थ मी काढला. उभ्या आयुष्यात त्यांनी रोवणी केली नव्हती. आमच्याकडे पुरुष पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटतात, पेंढ्या फेकतात, पारीवर उभे राहून बायांना सूचना करतात. रोवतात बाया. हे मला ठाऊक होतं. पंचवीस वर्षं बाहेर राहिलं की माणूस आकड्यांवर विश्वास ठेवतो आणि आईने शिकवलेलं विसरतो.

मी त्या संध्याकाळी फोन केला. "बाबूजी, तुमचं हृदय साठीच्या आतल्या माणसाचं आहे! मी सांगत नाही, यंत्र सांगतंय."

पलीकडे माय हसली. बाबूजीही हसले, पण लगेच खोकला आला. "आत्ताच आलो वावरातून," ते म्हणाले. आवाज खोल गेलेला. मी म्हणालो, दमलात ना? चांगलं आहे, दमलंच पाहिजे.

मी पोळ्याला जाणार होतो. तिकीट होतं. पण सर्व्हिस सेंटरमध्ये कामाचा लोंढा होता आणि बाबूजींचे आकडे इतके सुंदर होते की मी ते रद्द केलं. मायला सांगितलं, "दिवाळीला येतो. तुमची तब्येत मला इथूनच दिसते."

"दिसते का?" माय म्हणाली. "बरं हाय मंग."

दसऱ्याच्या चार दिवस आधीची गोष्ट. दुपारचे चार. आम्ही ऑफिसखाली टपरीवर चहा पीत होतो आणि माझा फोन थरथरला. बाबूजींची नाडी, एकशे अठ्ठेचाळीस. पावलं भराभर वाढत होती, डोळ्यांदेखत. मला क्षणभर धस्स झालं, नाही असं नाही. पण यंत्र म्हणत होतं, धावणे. मी फोन सगळ्यांसमोर धरला. "पाहा! बहात्तर वर्षांचा म्हातारा पळतोय!"

"बैल सुटला असेल," एक जण म्हणाला.

"नाही, बायको मागे लागली असेल," दुसरा म्हणाला. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. माझ्या हातातला चहा सांडला.

दहा मिनिटांत पुन्हा फोन वाजला. शेजारचे दुलीचंदभाऊ. ते कधी मला फोन करत नाहीत.

"बाबू, निंघून ये. बाबूजी गेले."

मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "कसं शक्य आहे, भाऊ? त्यांचं हृदय चालू आहे. मी आत्ता पाहतोय ना. एकशे एकवीस."



"बाबू," दुलीचंदभाऊ म्हणाले, "ते घड्याळ तुझ्या मायच्या हातात हाय."

बाबूजी वावरात कोसळले, तशी माय रस्त्यापर्यंत पळत गेली होती, गाडी थांबवायला. वावरातून, पारीवरून, अनवाणी. गाडी मिळाली. ती घेऊन परत येईपर्यंत उशीर झाला होता. त्या संध्याकाळी मी रेल्वेत बसलो आणि यंत्राने फुगे, पताका उडवून माझं अभिनंदन केलं. आजचं उद्दिष्ट पूर्ण. अकरा हजार पावलं.

घरी पोचलो तेव्हा ती ओसरीत बसली होती. बांगड्या उतरवलेल्या. त्या मनगटावर एवढी एकच वस्तू उरली होती, काळी, चकाकणारी. कुणी ती काढायला सांगितली नव्हती, कारण ती कशात मोडते ते कुणालाच कळत नव्हतं.

मला रागही आला होता, हे कबूल करतो. दिवस झाल्यावर मी तो काढला. "मला सांगितलं का नाहीस? ज्येष्ठापासून त्यांना दम लागत होता. मी नेलं असतं. वाचले असते ते."

"म्हणून तं नाई सांगतलं," माय म्हणाली. "तू न्याले आला असतास. ज्या दिवशी तू तिकिटाचं बोललास, त्याच दिवशी त्यायनं काढून माया हातात बांधलं. म्हणे, हे तू घाल, नाई तं पोट्टा नेते आपल्याले. मले त्या नवव्या मजल्याच्या डब्यात नाई मराचं."

"आणि तू घातलंस?"

"त्यायचा शब्द खाली पाडू का तुझ्या मशीनसाठी?" मग तिने मनगटावरचा पट्टा फिरवला. "चार महिने तू रोज फोन केलास. बाबूजी किती चालले, बाबूजी कसे झोपले. माय, तू काय करून राहिलीस, असं एकदा तरी विचारलंस का? विचारलं असतंस तं मले खोटं बोलता नसतं आलं."

लोक मला हजरजबाबी समजतात. चार महिने माझ्या आईचं हृदय माझ्या खिशात वाजत होतं आणि मी ते लोकांना दुसऱ्याच्या नावाने दाखवत फिरत होतो. तिची रोवणी मी पोहणं म्हणून पाहिली आणि हसलो. ती जन्मात सगळ्यात जोरात धावली, तेव्हाही हसलो.

मी तिला म्हणालो, चल पुण्याला. ती म्हणाली, धान कोण कापेल? मी म्हणालो, मग निदान घड्याळ तरी घाल. तुझं म्हणून घाल.

"आता कायले?" तिने ते काढलं आणि दाराजवळच्या खिळ्याला, बाबूजींच्या छत्रीशेजारी अडकवलं. "याचं असन तं इथं यावं, नाई याचं तं नाई यावं. मोजाचं नाई."

पण ती त्याला मरूही देत नाही. दर दोन दिवसांनी चार्जिंगला लावते आणि परत खिळ्याला टांगते. पोराची वस्तू आहे, बंद पडायला नको. पुण्यात परतल्यावर मी ड्रॉवर उपसून बाबूजींचं जुनं घड्याळ काढलं. पंचवीस वर्षं याची-त्याची यंत्रं दुरुस्त केलेल्या हाताने किल्ली फिरवली. ती गरगर फिरतच राहिली, आत काही धरतच नाही.

तुम्ही विचाराल, आता घर म्हणजे काय? माझ्या फोनवरचं एक शून्य. शून्य पावलं, नाडी नाही. म्हणून रोज संध्याकाळी मला फोन करून विचारावं लागतं, माय, आज काय केलंस? ती सांगते. सांगून झालं की विचारते, कधी येशीन? मी म्हणतो, पाहतो. कामं आहेत.

फोन ठेवला की थोड्या वेळाने त्या खिळ्यावरून माझ्या पडद्यावर निरोप येतो. आज तुम्ही जागचे हललाच नाहीत. उठा, थोडं चाला.

तीन वर्षांत पहिल्यांदाच ते यंत्र योग्य माणसाशी बोलतंय.