कोऱ्या कागदावरची सही

रंजना गेल्याचा फोन आला तेव्हा मी विभागात चहा पीत होतो. सकाळी बल्लारपूरच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची, दुपारी परत येऊन चंद्रपूरला माझी प्रॅक्टिकल्स फुकट घ्यायची. त्या दिवशी जाताना कोळशाच्या ट्रकने तिच्या स्कूटीला मागून उडवलं. ऐकून मी पहिलं काय बोललो माहीत आहे? "मग दुपारचं प्रॅक्टिकल कोण घेणार?" … तिचा गाईड होतो मी.

धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावातून आलेली ही मुलगी वारुळावर उगवणाऱ्या अळंब्यांवर पीएचडी करत होती. अळंब्या कुठे उगवतात ते तिच्या आईला पाठ होतं, त्या तिथेच का उगवतात ते रंजनाने पाच पावसाळे वारुळांपाशी उकिडवं बसून शोधलं. शोधनिबंधावर पहिलं नाव मात्र माझं लागलं. पदवी मिळाल्यावर तिला एकच ध्यास होता, परदेशात पोस्टडॉक. दोन वर्षं ती प्रयोगशाळांना अर्ज पाठवत राहिली. प्रत्येक अर्जाला गाईडचं शिफारसपत्र लागतं, आणि आमच्याकडे ते विद्यार्थीच लिहून आणतो, सर नुसती सही ठोकतात. मी तर त्याहून उदार. चार कोऱ्या लेटरहेडवर खाली सह्या करून ते कागद तिच्या हातात ठेवले, म्हणजे पुन्हा कटकट नको.

एकदा मी पेपर तपासत असताना ती टेबलापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "सर, एक डाव तुमीच लिहून द्या ना जी."

"काऊन? कोरे कागद देऊन ठेवले ना तुले?"

"मीच माह्यी तारीफ कशी लिहू, सर?"

मला हसूच फुटलं. हा किस्सा मी नंतर स्टाफरूममध्येही रंगवून सांगितला, सगळे हसले. ती "बरं, सर" म्हणून प्रॅक्टिकल घ्यायला गेली. त्यानंतर तिने कधी विचारलं नाही.

ती गेल्यावर महिनाभराने तिची आई धानोऱ्याहून बसने आली, रंजनाचं फोल्डर घेऊन. वरच जर्मनीहून आलेल्या उत्तराची प्रिंट होती. काम आवडलं, पण यात तुमचं स्वतःचं किती ते पत्रावरून कळत नाही. गाईडने सविस्तर लिहिलं तर जागा तुमचीच. तारीख ती 'तुमीच लिहून द्या' म्हणत टेबलापाशी आली त्याच्या आदल्या दिवसाची. त्याखाली ते पत्र, तिने स्वतः लिहून प्रत्येक अर्जाला स्कॅन करून जोडलेलं, मी तेव्हा पहिल्यांदा वाचलेलं. 'कु. रंजना प्रामाणिक व आज्ञाधारक आहे. वेळेवर येते. प्रयोगशाळा स्वच्छ ठेवते.' खाली माझी झोकदार सही. अळंबीचं नावसुद्धा नव्हतं त्यात… मारलं ट्रकने, पण त्या रस्त्यावर तिला मी ठेवलं होतं.

आईने गंजक्या क्लिपमधून उरलेले तीन कागद काढून माझ्यापुढे सरकवले. "हे तुमचे हायेत, सर. कोरेच हायेत. कामी येतीन." मी ते ड्रॉवरमध्ये टाकले.

परवा एक विद्यार्थिनी शिफारसपत्र मागायला आली. मी फोनवर बोलत होतो. बोलता बोलताच ड्रॉवर उघडला, वरचा कागद तिला दिला आणि खुणेनेच सांगितलं, लिहून घे. ती खूश होऊन वळली तेव्हा कागदाच्या कोपऱ्यावर रंजनाच्या क्लिपच्या गंजाचा डाग दिसला. फोन ठेवून हाक मारेपर्यंत ती जिना उतरून गेली होती.